काडतुसाची पुंगळी पुन्हा का वापरतात? आणि चकाकणारं पितळ दगा का देऊ शकतं?

बंदुकीतून सुटते ती गोळी. मागे उरते ती पितळेची रिकामी नळी. पोलिसांच्या पंचनाम्यात आणि बातम्यांमध्ये तिला 'पुंगळी' म्हणतात. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, अनेक नेमबाज अशा वापरलेल्या पुंगळ्या गोळा करतात, स्वच्छ करतात, तापवतात, पुन्हा मापात आणतात आणि त्यांचं नवं काडतूस बनवतात. काळवंडलेली पुंगळी काही सेकंदांत सोन्यासारखी लखलखताना दाखवणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील.

त्या व्हिडिओत न दिसणारी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पितळ खराब होतं ते बाहेरून कमी आणि आतून जास्त. हा धडा जगाला मिळाला त्यात भारतातल्या पावसाळ्याचा मोठा वाटा आहे.

थोडक्यात

- पुंगळी दरवेळी फुगते आणि पुन्हा दाबली जाते. त्यामुळे पितळ कडक आणि ठिसूळ होत जातं.
- योग्य जागी, योग्य तेवढं तापवलं तर पितळ पुन्हा मऊ होतं. चुकीच्या जागी तापवलं तर तीच पुंगळी धोकादायक होते.
- घासून आलेल्या चकाकीवरून ताकद कळत नाही.
- भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं गंभीर गुन्हा आहे.

पुंगळीचं काम काय असतं?

काडतुसाचे चार भाग असतात. पुढे गोळी, आत दारू, तळाशी ठिणगी देणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारी पुंगळी.

पुंगळी ही नुसती डबी नाही. दारू पेटली की आत प्रचंड दाब तयार होतो. आजच्या लष्करी रायफलीत हा दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून जास्त असतो. तुलनेसाठी, कारच्या टायरमधला दाब हवेच्या दाबाच्या साधारण दोन ते अडीच पट असतो. या दाबानं पुंगळी क्षणभर फुगते, बंदुकीच्या पोलादी भिंतीला घट्ट चिकटते आणि तापलेला वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून बाहेर ओढून काढता येते.

फुगायचं, पण फाटायचं नाही. चिकटायचं, पण अडकायचं नाही. ही सगळी कसरत नेमबाजाच्या चेहऱ्यापासून काही इंचांवर चालते. पुंगळी फाटली तर तो वायू मागच्या बाजूला, म्हणजे डोळ्यांकडे येऊ शकतो.

त्यासाठी पितळच का?

काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असतं. या प्रमाणातलं पितळ फार लवचीक असतं. त्याची छोटी चकती दाबून वाटी करता येते आणि ती वाटी टप्प्याटप्प्यानं ओढत लांब नळी करता येते. वर ते लोखंडासारखं गंजत नाही.

सुरुवातीला पुंगळ्या अशा बनत नव्हत्या. ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या सुरुवातीच्या पुंगळ्या पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या होत्या. गरम झालेल्या बंदुकीत त्या अडकत आणि फाटत. 1885 मध्ये सुदानच्या लढाईत याचा फटका बसल्यावर एकसंध ओढलेल्या पितळी पुंगळ्यांकडे वळणं भाग पडलं. पुढे .303 रायफल आली ती अशाच पुंगळ्या घेऊन.

पुंगळी 'झिजते' म्हणजे काय होतं?

लोखंडी तार हातात घेऊन पुढे-मागे वाकवत राहिलं की ती आधी कडक होते आणि मग तुटते. पुंगळीचंही तसंच होतं. बार उडाला की ती फुगते. पुन्हा वापरायची तर साच्यात घालून मूळ मापात दाबावी लागते. परत फुगणं, परत दाबणं. प्रत्येक फेरीत पितळेच्या आतले स्फटिक विस्कटतात आणि धातू ठिसूळ होतो.

झीज मुख्यतः तीन ठिकाणी दिसते.

मान: गोळी जिथे पकडलेली असते तो वरचा भाग. इथलं पितळ पातळ असतं आणि सगळ्यात जास्त ताणलं जातं. ठिसूळ झालं की उभी चीर पडते. मानेवर चीर गेलेली पुंगळी दुरुस्त होत नाही, ती भंगारात जाते.

तळाच्या जरा वरची भिंत: दरवेळी थोडं पितळ पुढे सरकतं. त्यामुळे मान लांबते आणि तळाजवळची भिंत आतून पातळ होते. बाहेरून तिथे फार तर एक फिकट कडं दिसतं. पुढच्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे होऊ शकतात. सगळ्यात धोकादायक झीज हीच, कारण ती आत लपलेली असते.

प्रायमरची खोबण: तळाशी टोपी बसवायची जागा सैल होते. टोपी घट्ट बसली नाही की वायूला बाहेर पडायला वाट मिळते.

यापैकी फक्त मानेचा कडकपणा तापवून कमी करता येतो. पातळ झालेली भिंत आणि सैल झालेली खोबण कोणत्याही उपायानं पूर्ववत होत नाही.

तापवल्यानं पितळ मऊ का होतं?

हे समजायला पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी आठवावी. तांबट पत्र्यावर ठोके देत भांडं घडवतात. ठोके पडत गेले की धातू कडक होतो. मग कारागीर ते भांडं भट्टीत तापवतात, धातू पुन्हा मऊ होतो आणि काम पुढे सरकतं. तसंच ठोकत राहिलं तर भांडं तडकेल. शेवटचं मठारकाम मात्र मुद्दाम न तापवता ठेवतात, कारण त्या ठोक्यांनी भांड्याला चकाकीबरोबर बळकटीही येते.

या तापवण्याला इंग्रजीत ॲनिलिंग आणि मराठी परिभाषेत अनुशीतन म्हणतात. उष्णता मिळाली की विस्कटलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, ताणमुक्त स्फटिक तयार होतात. कारखान्यात पुंगळी ओढतानाही प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर हेच करतात. अनेक देशांच्या लष्करी काडतुसांच्या मानेजवळ निळसर-तपकिरी छटा दिसते. ती घाण नसते, मान शेवटी तापवल्याची खूण असते.

आता खरी मेख. पुंगळीची मान मऊ हवी, पण तळ कडकच हवा. सगळा दाब पेलायचं काम तळाकडे असतं. मान तापवताना उष्णता खाली उतरली आणि तळ मऊ झाला, तर तो भाग बाराच्या वेळी पसरतो किंवा फुटतो. मऊ झालेला तळ तापवून पुन्हा कडक करता येत नाही. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, पितळाचं तसं नाही. पितळ कडक होतं ते फक्त ठोकून, दाबून किंवा ओढून.

गरजेपेक्षा जास्त तापवलं तरी नुकसानच. आतले स्फटिक मोठे होतात, पितळ कमजोर होतं आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. कारखान्यात म्हणूनच तापमान, वेळ आणि कडकपणा तिन्ही मोजले जातात. व्हिडिओत ज्योतीसमोर फिरणारी पुंगळी दिसते, हे मोजमाप दिसत नाही.

पावसाळ्यात फुटणारी काडतुसं

ब्रिटिश काळात भारतातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. साठवून ठेवलेली, एकदाही न वापरलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. तडे बहुतेक मानेजवळ, गोळी जिथे घट्ट आवळलेली असते तिथे पडत. ना कुणी हात लावलेला, ना ती कुठे आपटलेली. इंग्रजीत या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं.

उत्तर मिळालं 1921 मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन ब्रिटिश धातुतज्ज्ञांनी दाखवून दिलं की यात दोन गुन्हेगार आहेत. एक, ओढून-दाबून घडवलेल्या पितळेत आतल्या आत अडकून राहिलेला ताण. दुसरा, अमोनिया.

अमोनिया आला कुठून? घोड्यांच्या तबेल्यांतून. त्या काळी फौज घोड्यांवर चाले. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया हवेत मिसळे. पावसाळ्याच्या दमट हवेत पितळेवर पाण्याचा पातळ थर बसे, त्यात अमोनिया विरघळे आणि ताणलेल्या जागी धातूत बारीक तडा शिरे. उन्हाळ्यात अमोनिया असला तरी ओल नसे. म्हणूनच हा त्रास पावसाळ्यात उफाळून येई.

यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: खेचणारा ताण, ओलसर अमोनिया आणि जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं पितळ. साधारण 15 टक्क्यांपेक्षा जास्त जस्त असलेल्या पितळेला हा धोका जास्त असतो. काडतुसाच्या पितळेत त्याच्या दुप्पट जस्त असतं.

तिघांपैकी एक काढून टाकला की तडा जात नाही. पावसाळा थांबवता येत नव्हता आणि घोडे सोडता येत नव्हते. काढता येण्यासारखा होता तो ताण. घडवून झालेलं पितळ साधारण 250 ते 300 अंश सेल्सिअसला तापवलं की ते फारसं मऊ न होता आतला ताण निघून जातो. हा उपाय पुढे काडतुसांपुरता राहिला नाही. आज पितळी नळ, व्हॉल्व्ह आणि नटांसाठीही हीच काळजी घेतली जाते.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

बराच. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून आहे. .303 ची असंख्य काडतुसं इथे बनली आणि त्यांच्या तळावर 'के एफ' म्हणजे किर्की फॅक्टरी अशी इंग्रजी अक्षरं असत. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना 1964 चा, रायफलींच्या काडतुसांसाठी ओळखला जातो. अंबरनाथचा आयुध कारखाना धातुकामाचा. काडतुसांसाठी लागणारे पितळी कप, म्हणजे पुंगळीचं पहिलं रूप, तिथे तयार होतात.

1 ऑक्टोबर 2021 पासून देशातले आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये विभागले गेले. खडकी आणि वरणगाव पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, तर अंबरनाथ नागपूरच्या यंत्र इंडियाकडे.

काडतुसाच्या तळावरची अक्षरं आणि आकडे हा त्याचा जन्मदाखला असतो. कारखाना आणि साल त्यावरून कळतं. ते काडतूस पुढे कुठे, किती ओलीत पडून होतं, हे मात्र कळत नाही.

रेवसच्या हवेत पितळेचं काय होतं?

अलिबाग तालुक्यातलं रेवस धरमतर खाडीच्या मुखाशी आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँच इथे येते आणि खाडीपलीकडे उरणचं करंजा आहे, जिथे नौदलाचं शस्त्रास्त्र भांडार आहे. समुद्राची खारट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे पितळेची परीक्षाच.

या किनाऱ्यावर दोन वेगळे त्रास होतात आणि त्यांची गल्लत होऊ नये.

पहिला खाऱ्या हवेचा. समई, घंटा, होडीवरचे पितळी नटबोल्ट आधी काळवंडतात, मग त्यांच्यावर हिरवट थर येतो. हा थर दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा वरवरचा. खाऱ्या पाण्यात सतत बुडालेल्या पितळेचं मात्र आणखी एक दुखणं असतं. त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे लालसर, भुसभुशीत तांबं उरतं. आकार तोच राहतो, ताकद जाते. पितळी नटावर किंवा झडपेवर गुलाबी डाग दिसला तर तो बदलायची वेळ झाली.

दुसरा त्रास अमोनियाचा. घोडे गेले, पण अमोनिया गेला नाही. गुरांचा गोठा, कोंबड्यांची खुराडी, खताची पोती, सडकी मासळी, काही प्रकारची काचा पुसायची द्रावणं, या सगळ्यांतून तो येतो. मासेमारी बंदरांवरच्या अनेक बर्फ कारखान्यांत थंडावा निर्माण करायला अमोनियाच वापरतात आणि म्हणूनच तिथली पाइपलाइन पोलादाची असते, तांब्या-पितळेची नाही. रेवसच्याच तालुक्यात थळ इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना आहे. तिथे युरिया बनवायला अमोनिया तयार करतात. अशा कारखान्यांत अमोनियाशी संपर्क येणाऱ्या भागांत पितळ टाळणं हा अभियांत्रिकीचा पाठच आहे.

मग चकाकीवर विश्वास का ठेवू नये?

आंबट ताक पितळेत कळकतं, हे घराघरात माहीत आहे. आम्ल पितळेशी झगडतं आणि धातूचे क्षार अन्नात उतरतात, म्हणून भांड्यांना कल्हई करतात. चिंच किंवा लिंबानं घासल्यावर भांडं लखलखतं ते याच झगड्यामुळे. आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. जास्त वेळ ठेवलं तर वरचं जस्तही निघतं आणि भांडं गुलाबी दिसू लागतं.

देवघरातल्या समईला यानं काही होत नाही, कारण समईवर दाब नसतो. दाब झेलणाऱ्या पितळेची गोष्ट वेगळी. घासून वरचा थर जातो, पण आतली चीर, पातळ झालेली भिंत आणि अडकलेला ताण तिथेच राहतो. अमोनिया असलेलं पॉलिश वापरलं तर उलट नव्या तड्याला आमंत्रण मिळतं. जाणकार नेमबाज असं पॉलिश पुंगळ्यांसाठी वापरत नाहीत.

शिवाय चकाकी तपासणी अवघड करते. तळाजवळचं फिकट कडं, मानेवरची तापवल्याची छटा, डागांचा रंग या खुणा पितळेचा इतिहास सांगतात. घासून काढलं की इतिहास पुसला जातो, दोष तसाच राहतो.

भारतात हे करता येतं का?

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे. अमेरिकेत एखाद्याच्या गॅरेजमध्ये चालणारा छंद इथे तुरुंगापर्यंत नेऊ शकतो.

रिकाम्या पुंगळीचं काय? इतर भागांसोबत वापरायचा हेतू नसलेल्या किरकोळ भागांना कलम 45 मध्ये सूट आहे. पण एखादी वस्तू 'किरकोळ' आहे का आणि हेतू काय होता, हे ठरवायचं काम आधी पोलिसांचं आणि मग कोर्टाचं असतं. शोभेसाठी ठेवलेली पुंगळी विमानतळावर बॅगेत सापडली तर चौकशीला तोंड द्यावं लागू शकतं.

काडतूस किंवा पुंगळी सापडली तर?

- हात लावू नका, घासू नका, तापवू नका. तळाच्या टोपीवर खोल खूण नसेल तर ते जिवंत काडतूस असू शकतं. खूण असूनही न उडालेलं काडतूस तितकंच धोकादायक.
- 112 वर फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. पुंगळीवरच्या खुणांवरून ती कोणत्या बंदुकीतून सुटली याचा तपास होतो. उचलली किंवा पुसली तर पुरावा जातो.
- भंगारात देऊ नका. पितळेला चांगला भाव मिळतो म्हणून लष्कराच्या गोळीबार मैदानांजवळ धातू वेचायला गेलेल्यांचे स्फोटात जीव गेले आहेत.
- मुलांना दाखवायला म्हणूनही घरी आणू नका.

आणि घरातल्या पितळेसाठी?

- पितळी भांडी, समया, घंटा गोठ्याजवळ किंवा खताच्या पोत्यांजवळ ठेवू नका. पावसाळ्यात धुतल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा.
- गॅसच्या आणि पाण्याच्या पितळी जोडण्या अमोनियाच्या द्रावणानं पुसू नका. नट गरजेपेक्षा जास्त आवळू नका. जास्त आवळणं म्हणजे पितळेत ताण भरणं.
- अशा जोडणीवर केसाएवढी चीर दिसली तरी ती डाग देऊन किंवा पट्टी गुंडाळून चालवू नका. भाग बदला. गॅसची जोडणी असेल तर अधिकृत माणसाकडूनच.
- जुनं भांडं ठोकून घ्यायचं असेल तर तांबटाकडे द्या. कधी ठोकायचं आणि कधी तापवायचं, हे त्याच्या हाताला माहीत असतं.

पितळेचा रंग घासून परत आणता येतो. ताकद परत येते ती मोजून तापवल्यानं, तीही फक्त काही जागी आणि काही वेळा. म्हणून ज्या पितळेवर कुणाचा जीव अवलंबून आहे, मग ती पुंगळी असो वा गॅसचा नट, ते चकचकीत आहे का यापेक्षा त्यात चीर आहे का, हे आधी पाहावं.